जिन्यातला चोर

लालबागच्या दवाखान्यात उत्तम बसला होता तो फक्त कामावर जायला फिट असल्याची चिठ्ठी घ्यायला. फ्लूचा ताप कालच उतरला होता. खोकला तेवढा मुक्कामाला राहिला होता. शेजारी दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या.

"मालन, तुझी लेक अपेक्षा काय करते गो सध्या?"

"डुकरांच्या फुप्फुसांवर पीएचडी."

"अगो बाय! आणि हे स्थळवाल्यांना सांगतेस?"

"का नाही? डुकराचं फुप्फुस बरंचसं माणसासारखंच असतं म्हणते."

"आमच्या ह्यांचं घोरणं ऐकून मला संशय होताच."

"ऐक तर. डुकराला फ्लू झाला, की फुप्फुसातल्या निम्म्या रखवालदार पेशी मरतात, उरलेल्या पेंगतात. विसर्जन करून आलेली चाळच जशी."

"मग चोरी होणारच!"

"आणि चोर बाहेरचा नाहीच. जंतू आधीपासून नाकात बसलेले, जिन्यात बसल्यासारखे. ताप उतरला, डुक्कर खायला-प्यायला लागलं, की हे गुपचूप आत."

"म्हणजे बरं वाटल्यावर न्यूमोनिया?"

"तेव्हाच तर!"

उत्तमला खोकल्याची ढास लागली. दोघींनी एकदम वळून पाहिलं.

आतून डॉक्टरांनी हाक मारली, "या उत्तमराव. फिट लिहू ना?"

"चिठ्ठी राहू दे, डॉक्टर. आधी जिन्यात कोण बसलंय ते बघा."