पेइशान घरी नाही

हॅलो? … कोण?

मोठ्यानं बोला, बाहेर मासळीच्या गाड्या चालल्यात… डीन ल्याव? मेडिकल कॉलेजचे? … हो, हो, मी पेइशानची आई.

… नाही, पेइशान घरी नाही. … कुठे ते काही सांगून गेली नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या मुली आईला सांगून जातात का?

… मोबाइल इथेच राहिलाय. सकाळपासून टेबलावर थरथरतोय.

… कोण खोकलं? बदक असेल. एक मिनिट हं, हाकलते. … पेइशान, खोकू नकोस. गुपचूप शिंपल्यातली कालवं फोड.

हं, बोला. … निवडून आली? कशात? … शरीररचना विभागाची प्रमुख. अर्ज तरी केला होता का तिनं? … तुम्हीच नाव घातलंत. बरं. … अकरापैकी सात मतं. मग उरलेली चार? … प्रोफेसर क्वोंना. म्हणजे एक त्यांचं स्वतःचं आणि तीन खरी.

… हसू नका साहेब, मी अंदाजानं बोलले.

… पाचच्या आत होकार, नाहीतर क्वो. आणि आत्ता सव्वातीन. … खरं सांगू का? तिला बैठकांचा मनापासून कंटाळा. शाळेत मॉनिटर केली, तर तिसऱ्या दिवशी ताप काढून घरी बसली… डोळे काय वटारतेस… नाही, नाही, तुम्हाला नाही. बदकाला.

मग क्वोंनाच करा ना. हौस आहे त्यांना. … असं? … क्वो आले तर डिसेक्शन हॉल बंद? मग मुलं शिकणार कशावर? … पडद्यावर. … आणि देहदान करतात ती माणसं? … घेणारच नाहीत.

साहेब, पेइशानच्या बाबांनी देहदान केलेलं, तुमच्याच हॉलमध्ये होते ते. वर्षभर. तुम्ही तेव्हा डीन नव्हता. … चिरफाड सुरू करायच्या आधी तुमची चार मुलं घरी आली होती, बाबा कसे होते ते विचारायला. कालवांची आम्लेटं खाल्ली. एक पोरगी रडली. मी तिला म्हटलं, रडू नकोस, त्यांचा डावा गुडघा तेवढा नीट बघ. वीस वर्षं दुखला, कुठल्या डॉक्टरला काही सापडलं नाही. … सापडलं ना. अंत्यसंस्काराच्या दिवशी तीच पोरगी येऊन कानात सांगून गेली. हाडाचा तुकडा सुटलेला, मुगाएवढा. मला वाटायचं, बाबा कामाच्या आळसानं लंगडतात.

… एक मिनिट थांबा.

पेइशान, हॉल बंद करणार ते तुला ठाऊक होतं? … ठाऊक होतं, आणि इथे येऊन कालवं फोडत बसलीस. … भांडणं नकोत म्हणून? … अगं, कालवं मी फोडीन. इतकी वर्षं कोण फोडत होतं? … नाही, मी काहीच सांगत नाहीये. तुझं तू ठरव. मी नुसता फोन धरलाय.

…

हं साहेब, आली बरं का ती. मागच्या दारानं. … तुम्हाला आधीच कळलं होतं? मग म्हातारीला इतका वेळ बोलू कशाला दिलंत?

ऐका. बैठक तासाच्या वर जाणार नाही. हॉलला हात लावायचा नाही. आणि… काय गं? … आणि क्वोंना तुम्ही सांगायचं, ती नाही. … घाबरता कशाला? डीन कोण, तुम्ही का ते?

… सही लागते? मग येईल की. इथून, बुदाईहून, तुमचं ताइनान तासाभराचं. … हाताला वास येतोय म्हणते. येऊ दे गं, गाडीत लिंबू चोळ.

… काय म्हणालात? … नाही हो, तिनंच होकार दिलाय. मी आज तुमच्याशी बरंच खोटं बोलले, पण हे तिचंच.

… नेमके शब्द? … ती म्हणाली, ‘आई, टॉवेल दे.’

… आमच्या घरात त्यालाच हो म्हणतात, साहेब. ठेवते आता, तिला टॉवेल द्यायचाय.