खाट उडी मारते

गौलीगुड्याच्या स्टॉपवर बसची वाट बघत बसलेल्या चारुलताबाईंच्या कानावर परप्रांतात मराठी पडलं आणि त्यांना बरं वाटलं. शेजारी दोघं भाऊ, मधे त्यांची म्हातारी आई. दोघांनाही दिसावा म्हणून लॅपटॉप आईच्याच मांडीवर ठेवलेला. त्यावर घराचा नकाशा.

“दादा, भिंत मधोमध बसेना. आठ फुटांवर जाते, नाही तर नऊवर.”

“ग्रिडचा चौकोन एक फुटाचा आहे ना, कुलदीप. रेघ ग्रिडलाच चिकटणार. ग्रिड सहा इंचांची कर.”

“हौ, बसली बघ साडेआठावर.”

“आता घर बराबर अर्धं-अर्धं. पण भिंत मायच्या खाटेवरून गेली की रे.”

“मग खाट सरकवतो.”

“माझ्या खोलीत कशाला?”

“मी कुठं टाकली? तीच उडी मारून तिकडं चिकटली. नक्को म्हटलं तर इकडं येते.”

“मग येऊ दे.”

“इकडं माझा फ्रिज आहे. ग्रिड अजून बारीक करून बघू?”

“कितीही बारीक केलीस तरी कुणा एकाकडंच जाणार ती. ते चिकटणंच बंद कर. मग सोडशील तिथं थांबेल.”

“केलं. ही बघ, दारात थांबली.”

“राहू दे सध्या तिथंच.”

लॅपटॉप हलू नये म्हणून आई मघापासून हललीसुद्धा नव्हती. आता ती हळूच म्हणाली, “दारात नको रे बाबांनो. तुम्हाला जायला-यायला अडचण होईल.”