पाणी वर चढवायचं

नाशिकच्या स्टँडवर पेठच्या बसची वाट बघणाऱ्या प्रतिभाने गाणं बंद केलं, पण इअरफोन कानातच ठेवले. शेजारी धरणाच्या सभेहून परतणारे चिमाजी आणि नवसाबाई बोलत होते.

"साहेब काय म्हनला? मला मागं ऐकू नाय आलं," नवसाबाईने नवऱ्याला विचारलं.

"डोंगरावर दुसरं धरन बांधनार. खालच्या धरनातलं पानी वर चढवायचं, मग खाली सोडायचं. त्यातून वीज."

"आन आपलं घर?"

"डोंगरावरच हाय ना. उठावं लागंल."

"खालच्या धरनानं उठवलं, तवा साहेबच बोलला, वर जा, आता तिथंच कायमचं ऱ्हावा."

"तो साहेब निराळा."

"पानी तर तेच. मी रोज डोक्यावरून वर चढवते."

"तुझ्या पान्यातून वीज नाय होत."

"व्हईल कशी? ते तुमी पिऊन टाकता."