ती गाडी दवाखान्यात गेली नाही

मंडळी, अण्णांच्या घरची माणसं, वहिनी, आणि मागच्या रांगेत दाराजवळ बसलेल्या सुशीलाअक्का,

तुम्ही आलात. एवढे जण येतील असं मला वाटलं नव्हतं. खुर्च्या मी कमीच मागवल्या होत्या. जे उभे आहेत त्यांनी स्वल्प सांभाळून घ्या.

या मंडळाचा चिटणीस म्हणून अशा प्रत्येक सभेत मीच बोलतो. चिकपेटात साड्यांचं दुकान आहे माझं. तीस वर्षं बोलूनच पोट भरतोय. साडीचा रंग जाणार नाही हो अक्का, असं डोळ्याला डोळा लावून सांगतो, आणि गिऱ्हाईक विश्वास ठेवतं. पण आज जीभ उचलत नाही. सकाळपासून तीनदा वाटलं, तब्येत बरी नाही असं कळवावं आणि घरीच राहावं.

नानोजी अण्णा गेले. हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले होते. या बनशंकरीतली निम्मी माणसं त्यांना ओळखत होती आणि गेली काही वर्षं त्यातली निम्मी ओळख दाखवत नव्हती. का, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या लाटेच्या लॉकडाउनमध्ये आपल्या सर्कलच्या नाक्यावर ड्यूटीवर असलेल्या अण्णांनी पांडुरंगरावांची स्कूटर परत पाठवली. छातीत दुखतंय म्हणून ते दवाखान्यात निघाले होते. मागे त्यांच्या पत्नी, या सुशीलाअक्का, बसल्या होत्या. कागद नाही म्हणून अण्णांनी त्यांना परत फिरवलं. अक्का घरी जाऊन फाईल घेऊन आल्या, तोवर तास गेला. दोन दिवसांनी पांडुरंगराव गेले.

एवढं तुम्हाला माहीत आहे. याच्या आधीचं मला माहीत आहे. ते सांगायला मी उभा आहे. आज नाही सांगितलं, तर ते सांगणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही.

ते दिवस आठवा मंडळी. आठवायला कोणालाच नको असतात, मलाही नको असतात. पण आठवा. सकाळी दहा वाजता सर्कलवर कावळे रस्त्यात उतरून चालायचे, इतका रस्ता मोकळा. दुकानांची शटरं खाली. आणि त्या मोकळ्या रस्त्यावरून एकामागून एक अॅम्ब्युलन्स. पहिल्या आठवड्यात त्या भोंगा वाजवत जायच्या. मग भोंगे बंद झाले. घाई नसलेल्या अॅम्ब्युलन्स होत्या त्या, विद्युतदाहिनीकडे जाणाऱ्या. अण्णा बॅरिकेड बाजूला ओढायचे आणि टोपी काढून उभे राहायचे. मला एकदा म्हणाले, "दत्तोबा, एवढ्याच गाड्यांना कागद विचारावा लागत नाही बघ."

अशा दिवसांत मी माझ्या मुलीचा साखरपुडा ठरवला.

हो, ठरवला. घरातल्या घरात, चार माणसांत, असं म्हणत म्हणत. मुलाकडची मंडळी निपाणीकडची. मुहूर्त टळला तर स्थळ हातचं जाईल, ही भीती. बाकीचे नाके त्यांनी कसे ओलांडले ते त्यांनाच ठाऊक. शेवटचा नाका अण्णांचा होता. मी फोन केला. म्हटलं, "अण्णा, आमच्या पाहुण्यांची गाडी येतेय. मागे बाई आहे, पोटात फार दुखतंय तिच्या. दवाखान्यात न्यायचंय. आपलीच माणसं आहेत."

रंग जाणार नाही, असं सांगतो ना, तितक्याच सहज.

अण्णांनी एकच विचारलं, "खरंच ना रे?" मी म्हटलं, "तुमच्याशी खोटं बोलीन का?" गाडी आली. मुलाच्या मावशीला मागच्या सीटवर शाल पांघरून आडवं केलं होतं. अण्णांनी कागद मागितला नाही. बॅरिकेड स्वतःच्या हाताने ओढलं. कोणता रस्ता मोकळा आहे तेही ड्रायव्हरला सांगितलं. आणि आत वाकून मावशीला म्हणाले, "भिऊ नका अक्का, दवाखाना जवळच आहे."

या गोष्टीवर आमच्या घरी त्या दिवशी खूप हसू झालं. मावशीने तो संवाद करून दाखवला. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं? आपल्यात साखरपुड्याची साखर वाटतात. ज्याने उपकार केला त्याला साखर द्यायची नाही, हे मनाला पटेना. म्हणून एक पुडी, वर चमकीचा कागद, बरोबर दोन पेढे, असं घेऊन मीच नाक्यावर गेलो. शहाणपणा बघा माझा! अण्णांनी पुडी उघडली. एक पेढा उचलला, परत ठेवला. मग म्हणाले, "दत्तोबा, दवाखान्यात साखर वाटतात काय?"

मी हसण्यावारी नेलं. ते हसले नाहीत. पुडी बांधून परत माझ्या हातात दिली. म्हणाले, "मला माणसाचा चेहरा वाचायची सवय. नोकरीभर तेच केलं. आता सगळ्यांचे चेहरे झाकलेले. तुझा आवाज ओळखीचा, म्हणून त्याच्यावर गेलो."

ती साखर घरी आणली. आम्ही चहात घालून संपवली.

त्या गाडीतल्या दोघांना आधीपासून कणकण होती. हे नंतर कळलं. कळलं तेव्हा आमचे थोरले दादा ऑक्सिजनवर होते. साखरपुड्याला तेच पुढे बसले होते, घरातले वडीलधारे म्हणून. दुसऱ्या आठवड्यात दादा गेले. मी अॅम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. सर्कल आलं. अण्णांनी बॅरिकेड ओढलं. टोपी काढली. माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

त्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी, पांडुरंगरावांची स्कूटर नाक्यावर आली.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ते दूध मी पाजलं होतं मंडळी. ज्याच्या एका होकारामुळे तीन दिवसांपूर्वी एक घर बसलं, तो माणूस दुसरा होकार कसा देईल? अक्का म्हणत होत्या, दवाखान्यात चाललोय. पांडुरंगराव स्वतः स्कूटर चालवत होते, बोलत होते, आजारी दिसत नव्हते. चेहरा झाकलेला. अण्णा म्हणाले, "कागद दाखवा."

पुढे काय बोलले, ते अक्कांच्या तोंडून या हॉलमध्ये आपण किती वेळा ऐकलंय. अण्णा म्हणाले, "सगळे दवाखान्यातच जातात अक्का. मागे एक गाडी अशीच सोडली मी. ती दवाखान्यात गेली नाही."

अक्का विचारत राहिल्या, कोणती गाडी? कोणाची गाडी? माझ्या माणसाचा तिच्याशी काय संबंध? अण्णांच्या दारात जाऊन विचारलं त्यांनी. अण्णा हात जोडून उभे राहिले. नाव सांगितलं नाही. एक नाव घेतलं असतं तर निम्मा दोष तिथेच उतरला असता. नाही घेतलं.

आणि आपण काय केलं? वहिनींना हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. गणपतीत आरतीचं ताट अण्णांच्या पुढून सरळ जायचं. कोरोनात राबलेल्यांचा मंडळाने सत्कार केला, त्या यादीतून अण्णांचं नाव काढलं. तो ठराव माझ्या अक्षरात आहे. कपाटात आहे, बघायचा असेल तर बघा. अण्णा त्या बैठकीला आले होते. मी ठराव वाचला. ते माझ्याकडे बघत होते. मग उठले, "सरी, बरं," म्हणाले आणि चपला घालून गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरच चिटणीस होता.

पोलिसांनी साथीत रस्ते अडवावेत का, यावर याच हॉलमध्ये आपण किती भांडलो! तिकडे एचएसआरच्या नव्या वस्तीत राहणारी आपली इंजिनियर मुलं म्हणायची, लाठीने रोग बरा होतो का? म्हातारे म्हणायचे, लाठीशिवाय ऐकतं कोण? मी दोन्हीकडून बोलायचो, ज्या बाजूला जास्त माणसं त्या बाजूने. आज माझं मत विचाराल तर मला नीट सांगता येत नाही. माझी गाडी अडवली असती तर दादा आज असते. अक्कांची स्कूटर सोडली असती तर पांडुरंगराव कदाचित असते. कोणीतरी अडवायला हवंच होतं. पण अण्णा एकदा काय म्हणाले ते सांगतो. "मला लाठी दिली आणि शिट्टी दिली. शेजारी एक नर्स दिली असती तर बरं झालं असतं. कोण आजारी आहे हे मला कसं कळणार? मला फक्त कागद कळतो." हुकूम त्यांच्या हातात होता. खरं काय ते आमच्या हातात होतं, आणि आम्ही ते दिलं नाही.

अण्णा शेवटी दवाखान्यात होते तेव्हा मी भेटायला गेलो. बोलायला दम पुरत नव्हता. तरी म्हणाले, "अक्काला सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगतो अण्णा, पुढच्या आठवड्यात." ते म्हणाले, "मी आहे तोवर सांग रे. मलाही ऐकायचंय."

पुढच्या आठवड्यात मी सांगितलं नाही. दुकानात गर्दी होती. असं मी स्वतःला सांगितलं.

परवा आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर पुन्हा कसल्याशा तापाचा निरोप फिरत होता. खरा की खोटा, देव जाणे. पण काल सर्कलवरून येताना पाहिलं, पोलीस चौकीमागची जुनी बॅरिकेडं बाहेर काढून रंगवत होते. कुठल्या मिरवणुकीसाठी असतील. मी स्वतःला तेच सांगत घरी आलो. पण मंडळी, घरी आल्यावरही तेच डोक्यात होतं. कारण ते दिवस पुन्हा आले तर नाक्यावर अण्णा नसतील, दुसरा कोणीतरी असेल, कोणाच्या तरी ओळखीचा. आणि आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात फोन असेल. माझ्याही. तेव्हा मी खोटं बोलणार नाही, अशी शपथ मला आज घेता येईल. पण माझ्या शपथेवर तुम्ही का विश्वास ठेवावा?

वहिनी, तुमच्यासमोर हात जोडतो. माफ करा असं म्हणायचं तोंड मला नाही.

सुशीलाअक्का, तुम्ही ज्याला दोष दिलात त्याच्या सभेला आज आलात. का आलात, मला माहीत नाही. पण इतकी वर्षं तुम्ही एकच विचारत होता, कोणती गाडी? अक्का, ती गाडी माझी होती. फोन माझा होता. अण्णांना हे ठाऊक होतं आणि ते माझं नाव पोटात घेऊन गेले.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. अण्णा त्या सर्कलवर ज्या तऱ्हेने उभे राहायचे, तसे. टोपी काढून, न बोलता.

अक्का, तुम्हाला उभं राहायचं नसेल तर बसा. निघून जायचं असेल तर दार उघडं आहे. आज तुम्हाला कोणी काही विचारणार नाही.