दोन हॉटेलं, एक चूल

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमच्या दोन पिढ्यांना छडी आणि पाढे सारख्याच प्रेमानं देणारे आदरणीय आश्रुबा गुरुजी. व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे, एस.टी.तून नुकतेच सन्मानानं निवृत्त झालेले चालक परमेश्वरराव. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, हॉटेल पिंपळपारचे मालक आप्पाराव आणि सौ. सावित्रीवहिनी, मांजरसुंब्याच्या फाट्यावरचे सर्व हॉटेलवाले, पानटपरीवाले, पंक्चरवाले, जीपवाले आणि समोर बसलेल्या माताभगिनींनो,

माझ्या आधीच्या वक्त्यांनी आप्पारावांना अन्नदाता म्हटलं, कर्मयोगी म्हटलं, एकानं तर दीपस्तंभ म्हटलं. मी तीस वर्षं त्यांच्यासमोर रस्त्याच्या पलीकडे धंदा केला आहे. मला तो दीपस्तंभ कधी दिसला नाही. मला दिसायचा तो त्यांचा हिरवा बोर्ड, आणि त्या बोर्डाखाली उभं राहून माझ्या दारातल्या गाड्या मोजणारे आप्पा. अर्थात मीही त्यांच्या मोजत होतोच. नाहीतर ते मोजतायत हे मला कसं कळलं असतं?

या हॉलमध्ये काही नवी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी धंद्याची एक रीत सांगतो. लांब पल्ल्याची गाडी ज्या हॉटेलापुढे थांबते, तिथं ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण फुकट. ही रीत कुणी काढली माहीत नाही, पण काढणारा नक्कीच ड्रायव्हर असणार. परमेश्वरराव हसतायत. हसा. तुमची गाडी आपल्या दारात उभी राहावी म्हणून आम्ही दोघांनी काय काय केलं, ते आज तुम्हाला ऐकावं लागेल.

आप्पांनी ड्रायव्हरला ताटात भजी सुरू केली, मी दही सुरू केलं. त्यांनी मागं खाट टाकली, मी खाटेवर उशी टाकली. त्यांनी कूलर लावला, मी माणूस बसवला पाय चेपायला. गुलाबजामपर्यंत आलो तेव्हा सावित्रीवहिनी आप्पांना म्हणाल्या होत्या, "आता तेवढी डायवरची सोयरीक जमवायची राहिली." परमेश्वरराव मात्र कुणाला दुखवायचे नाहीत. जाताना माझ्याकडे थांबायचे, येताना आप्पांकडे. दोघांनाही वाटायचं, आपण जिंकलो.

मग ते दिवस आले. सोयाबीनला भाव नाही, कापूस घरात पडून, साखर कारखान्याची उसाची बिलं लांबलेली. पेपरात मंदी हा शब्द आम्ही नंतर वाचला. आम्हाला ती आधी ताटात दिसली. गाडी थांबायची, माणसं उतरायची, नळावर तोंड धुवायची, बाटल्या भरायची, आमच्याच टेबलावर बसून घरचा डबा सोडायची आणि वर विचारायची, "कांदा हाय का थोडा?" कांदा द्यायचो. नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. पूर्ण ताट जेवणारा माणूस गाडीत एकच उरला होता. एका म्हातारबानं तर परमेश्वररावांना विचारलंसुद्धा, "तुमी कावून डबा आनला न्हाई?" हे शांतपणे म्हणाले, "आमचं हितं घरच्यासारखं हाय."

म्हणजे काय झालं होतं, लक्षात घ्या. फाट्यावरची दोन मोठी हॉटेलं दिवसभर चुली पेटवून, सगळी ताकद लावून, फक्त ड्रायव्हर जेवू घालत होती.

आम्ही उपाय केले नाहीत असं नाही. लिंबाच्या चार फोडी होत, त्या आठ केल्या. काकडी इतकी पातळ चिरायला लागलो, की तिच्यातून पलीकडचं हॉटेल दिसावं. गॅस बंद करून तुराट्यांवर आलो. बोर्डावर चाळीस पदार्थ होते, बनवत होतो दोन. गिऱ्हाइकानं पनीर मागितलं की आमचा वेटर म्हणायचा, "आत्ताच संपलं." सकाळी अकरा वाजता म्हणायचा. दोन वर्षं म्हणत होता. आज इथं ज्यांना ज्यांना पनीर हुकल्याची हळहळ वाटली होती, त्यांनी ती सोडून द्यावी.

पण एक उपाय आम्ही दोघांनीही केला नाही. हॉटेल बंद ठेवलं नाही. कारण समोरचं चालू होतं. मला वाटायचं, आप्पांच्या पुढच्या दोन टेबलांवर रोज माणसं दिसतात, म्हणजे यांचं बरं चाललंय. त्यांना वाटायचं, त्रिंबकच्या दारात एक जीप आणि एक ट्रॅक्टर कायम उभा, म्हणजे याचं बरं चाललंय. जीप माझी होती. ट्रॅक्टर भावाचा होता. डिझेल नव्हतं म्हणून तो तिथून हलत नव्हता.

एका दुपारी माझ्याकडचं मीठ संपलं. दुकान बंद, म्हणून मागच्या बाजूनं आप्पांच्या स्वयंपाकघरात शिरलो. समोरून जायला लाज वाटली असती. तिथून पुढची टेबलं दिसत होती. जेवत कोण होतं? आप्पांचे साडू, त्यांची मंडळी आणि दोन मेहुणे. आप्पा त्यांना दबक्या आवाजात सांगत होते, "हळू जेवा जरा. इतक्यात उठू नका, त्रिंबक बघतोय." मी खरंच बघत होतो, फक्त पाठीमागून.

आणि तिथंच रतनबाई गाठोडं बांधत होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रतनबाई म्हणजे हॉटेल पिंपळपारची भाकरी. आप्पांचं नाव आज सगळ्यांनी घेतलं, पण लोक तिथं आप्पांचं तोंड बघायला येत नव्हते.

मी विचारलं, "कुठं निघालात?"

त्या म्हणाल्या, "ऊसतोडीचा कोयता घेतलाय. मुकादम दारात येऊन बसलाय आज. बंकट हो म्हणून आलाय त्याला."

बंकट म्हणजे त्यांचे यजमान. मी म्हणालो, "पोरीची दहावी आहे ना यंदा?"

त्या म्हणाल्या, "मग काय करू? तिला संगं न्यावं लागंल न्हाईतर सासूपाशी ठिवावं लागंल. सासूला दिसत न्हाई. हितं भाकरी खायाला मानूस न्हाई, तर आप्पा मला काय म्हनून ठिवतील?"

आप्पा दारात येऊन उभे होते. मला तिथं पाहून त्यांनी आधी माझ्या हातातल्या मिठाच्या वाटीकडे पाहिलं, मग पुढच्या टेबलाकडे पाहिलं, आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं कळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही एका बाकावर बसलो. मी म्हणालो, "आप्पा, तुमच्याकडे एका चुलीपुरतं काम नाही." ते म्हणाले, "तुज्याकडं तरी कुठं हाय?" मी म्हणालो, "दोघांचं मिळून आहे."

एवढंच ठरलं. माझी चूल विझवायची, आप्पांची पेटती ठेवायची, रतनबाईंनी दोन्ही हॉटेलांचा स्वयंपाक करायचा आणि मुकादमाला परत पाठवायचं. अट आप्पांची एकच होती. बाहेर कुणाला कळता कामा नये. इतक्या वर्षांची दुश्मनी कमावलेली, ती अशी कशी घालवायची?

त्या दिवसापासून बंकट पांढऱ्या फडक्यानं झाकलेलं पातेलं डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडू लागला. गंभीर चेहऱ्याचा माणूस, तोही अनवाणी. एका गाडीतून उतरलेल्या आजीबाईंनी त्याला हात जोडले आणि विचारलं, "कंच्या देवाचा निवद हाय, बाबा?" बंकट म्हणाला, "दोन देवांचा हाय. दोघंबी लई भांडखोर हायेत."

आता अध्यक्षांची आगाऊ क्षमा मागून एक गोष्ट सांगतो. गुरुजी पहिल्यापासून माझं गिऱ्हाईक. दर बाजारच्या दिवशी माझ्याकडे वरणभात, आणि जेवताना एक वाक्य ठरलेलं, "त्रिंबक, तुझ्या हाताला चव आहे रे. त्या आप्पाचं वरण म्हणजे नुसतं पाणी." गुरुजी, त्या दिवसापासून आपण जे वरण चाटूनपुसून खाल्लंत, ते आप्पांचं होतं. आणि आप्पांकडची काही मंडळी माझ्या वरणाला नावं ठेवत तेच वरण खात होती. गुरुजी आता चष्मा पुसतायत. आपण आम्हाला शिकवलं होतं, उत्तर बरोबर असलं की रीत कुठलीही चालते. तेवढ्या आधारावर माफ करावं.

पोरगी दहावी झाली, पुढं बारावीही झाली. मंदी गेली की नाही हे मला अजून कळलेलं नाही. कधी गाड्या भरून येतात, कधी पुन्हा कांदा मागणारे येतात. पण चूल एकच राहिली. मी माझी पुन्हा पेटवून पाहिली होती एकदा. गिऱ्हाइकांनी विचारलं, "आज आचारी बदलला का?"

आणि आता आप्पा निघाले. गुडघे थकलेत, मुलगा पुण्याला बोलावतोय, नातवाला आजोबा हवेत. यात बोलण्यासारखं काही नाही. जावंच. पण हॉटेलाचं काय? आप्पांच्या जागेला गिऱ्हाईक आलेलं आहे. त्यांना तिथं मोटारसायकलींचं शोरूम काढायचंय. चांगली माणसं आहेत, आज निमंत्रणाला मान देऊन आली आहेत, तिसऱ्या रांगेत बसली आहेत. त्यांना चहा मिळाला असेल अशी आशा करतो. शोरूमला चूल लागत नाही, हा त्यांचा दोष नाही.

मग आम्ही दोघा शहाण्यांनी परस्पर ठरवलं, रतनबाईंनी माझ्याकडे यायचं. आपण केवढे उपकार करतोय अशा चेहऱ्यानं आम्ही त्यांना ते सांगायला गेलो. त्या भाकरी थापत होत्या. थापतच म्हणाल्या, "मला इचारलं का कुनी?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे वळल्या.

"त्रिंबकभाऊ, राग मानू नका. तुमची चूल वाऱ्याच्या तोंडाला हाय. अर्धी भाकर करपती, अर्धी कच्ची राहती. मी न्हाई येनार तिकडं." मग आप्पांकडे वळल्या. "आप्पा, हाटेल मला चालवायला द्या. भाडं देते. बंकट हाय, पोरगी हाय. तिला हिशेब येतो. अन् त्रिंबकभाऊला लागंल तेवढा सैपाक हितून जाईल, आता जातो तसा."

आप्पा म्हणाले, "तुला जमंल का गं सगळं? माल आनायचा, मानसं सांभाळायची?"

त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं तुमी गिऱ्हाईक बघत व्हते का त्रिंबकभाऊला बघत व्हते?"

आप्पांनी उगाच चुलीत एक तुराटी सारली. मी कुणाकडे बघत होतो ते तर सगळ्यांना माहीत आहे. आप्पा म्हणाले, "इचार करतो. समारंभाच्या दिवशी सांगतो." तेव्हापासून रतनबाईंनी पुन्हा विषय काढलेला नाही. फक्त मुकादम परवा त्यांच्या घरावरून गेला, जरा थांबला आणि पुढे गेला, हे मी पाहिलं.

तर आप्पा, आज समारंभाचा दिवस आहे. हार झाला, श्रीफळ झालं, शाल झाली. मला जागा तुमची आहे हे माहीत आहे. शोरूमवाल्यांचा भाव मी देऊ शकत नाही आणि रतनबाईही देऊ शकत नाहीत. तुम्हाला पुण्यात घर घ्यायचंय, तेही माहीत आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी तुम्हाला नावं ठेवणारा मी कोण? पण मला एवढंच विचारायचं आहे, आणि सगळ्यांसमोर विचारायचं आहे, कारण एकट्यात तुम्ही विषय बदलता. काय ठरलं?

आप्पा शाल नीट करतायत. शाल नीटच आहे, आप्पा.

वहिनी काही म्हणतायत वाटतं. माईक द्या रे तिकडे. नको? बरं, बोला तुम्ही, मी ऐकतोय.

मागच्या मंडळींना ऐकू गेलं नसेल, म्हणून मी तसंच्या तसं सांगतो. सावित्रीवहिनी म्हणाल्या, "त्यांना काय इचारता? कोठीची किल्ली मी सकाळीच दिली रतनला. पुन्याच्या घराचं पोरगं बघंल. तीस वर्सं ज्या चुलीनं खाऊ घातलं, तिच्यावर फटफट्या नगं उभ्या करायला."

आप्पा, तुम्हाला हे माहीत होतं? मान हलवतायत. नाही म्हणून हलवतायत. पण हसतायत, म्हणजे चालेल. शोरूमवाल्या पाहुण्यांनो, आपली क्षमा मागतो. कृपा करून जेवल्याशिवाय जाऊ नका.

रतनबाई, तुम्ही कुठं उठलात? दोन शब्द बोला की.

त्या म्हणतायत, आधण ठेवायचंय, सांजच्या गाड्या यायच्या वेळा झाल्या. जा बाई. तुमचं भाषण झालं.

मंडळी, आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली होती, मी त्यांची पंचवीस खाल्ली, तेही फुकट. गुरुजींचा, परमेश्वररावांचा, तुम्हा सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं ताट, कुणाची चव किंवा कुणाची जुनी दुश्मनी दुखावली असेल, तर ती आपल्याच माणसाची जीभ समजून पोटात घाला.

आणि आप्पा, उद्या सकाळी पुण्याची गाडी धरण्याआधी तुम्ही पिंपळपारला चहाला जाल. सवयीनं गल्ल्यामागं जाऊन बसू नका. पुढच्या बाकड्यावर बसा आणि कुणी विचारायला येईपर्यंत थांबा. मी समोरून बघत असेन.

नमस्कार.