राहिलेला रेग्युलेटर

शिरूरच्या स्टँडबाहेर वामनराव पुस्तकात डोकं घालून पुण्याच्या गाडीची वाट पाहत बसले होते. तेवढ्यात दौंडकडून आलेला एक टेम्पो त्यांच्या पुढ्यातच थांबला. आत गाद्या, भांडी, गॅसची टाकी, सगळं बिऱ्हाडच. एक म्हातारी आणि तिचा मुलगा भांडतच खाली उतरले. वामनरावांचं पान काही पुढे उलटलं नाही.

“आये, रेग्युलेटर घरीच राह्यला. माघारी फिरू.”

“न्हाई फिरायचं.”

“आगं, नुसत्या टाकीवर चार दिवस रांधायचं कसं?”

“तीन दगडं मांडायची. मेंढरामागं एका घोड्यावर बिऱ्हाड लादून मी कोकणापातुर गेले. तवा कुठं व्हता तुझा रेग्युलेटर?”

“तवाचं येगळं व्हतं. दुपारपातुर पुन्हा हितं येऊ की.”

“गेल्या साली ब्याटरी इसरली म्हणून फिरलास. घरी ऊसतोडीची टोळी येऊन बसलेली, आन् येरूळची लेणी, देवदर्शन समदं राह्यलं. त्याच्या आदल्या साली तुझ्या बायकूच्या गोळ्या. आता माझं गुडघं ऐकत न्हाईत, हनुमंता. औंदा न्हाई, तर कवाच न्हाई.”

“मग ही टाकी काय नुसती मिरवत न्यायची व्हय येरूळला?”

“उतरव ती.”

“आँ?”

“उतरव म्हंते ना! त्या चहावाल्याकडं ठिव, येताना घिऊ. शेगडीबी दे त्याला. हां. आता जा, आन् रेग्युलेटर आणून लाव ज्याला लावायचा त्याला!”