एक्सलमध्ये चपाती

बर्फावर चालणारी गाडी मी कधी पाहिली नव्हती, पण एक्सल मला कुणी शिकवायला नको. सांगलीला चाळीस वर्षं गॅरेज चालवलंय.

दोन हजार पाच-सहा साली मुलाकडे सिंगापूरला होतो. त्याचा मित्र टॅन बर्फात खेळायच्या एका हॉलचा मॅनेजर; त्याने आम्हाला तो बघायला बोलावलं. बाहेर घामाच्या धारा आणि आत छतातून भुरभुरणारा बर्फ. उसना कोट घालून मी झोपेत चालल्यासारखा चाललो होतो.

तिथे ती बर्फावरची गाडी दुरुस्तीला उभी होती. स्पीडोमीटर फिरवणारी पुंगळी एक्सलच्या तोंडात तुटून अडकली होती. नवी आणलेली होती, पण जुनी निघत नव्हती.

"अंकल, अख्खा एक्सल बदलायचा, लाह," टॅन त्याच्या सिंगापुरी ढंगात म्हणाला.

"मी काढतो."

मुलगा कानाशी आला. "बाबा, हात लावू नका. माझी लाज जाईल."

मी सोबतचा जेवणाचा डबा उघडला. सुनेची चपाती पाण्यात भिजवून पुंगळीच्या भोकातून आत ठासली. त्याच भोकात घट्ट बसणारी सळई घालून हातोडी मारत राहिलो. एक्सलचं भोक आत बंद, तोंडाशी सळई घट्ट; चपातीला जायला जागा नव्हती, म्हणून पुंगळीच बाहेर आली. पाचव्या घावाला हातात पडली.

टॅनने नवी बसवली आणि मला गाडीवर बसवलं. सगळीकडे पांढरं, इंजिनाचा आवाजही मऊ. काटा दहावर थरथरत होता. उतरावंसं वाटेना.

घरी सुनेनं विचारलं, "बाबा, आज चपाती कशी होती?"

रोज सांगायचो तेच सांगितलं. "चिवट." आज पुढे जोडलं, "उद्याही तशीच कर."